घराचं रंगकाम कोणाकडून करून घ्यावं? कंपनीची सेवा, स्थानिक ठेकेदार आणि मजुरीवरचा पेंटर

घर रंगवायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो 'फुटाला काय दर?' आणि दुसरा 'कुठल्या कंपनीचा रंग?'. रंगकाम टिकेल की नाही हे या दोन्हींवरून फारसं कळत नाही. रंगाच्या थराखाली काय केलं, किती केलं आणि किती वाळू दिलं, यावर सगळं अवलंबून असतं. नेमका तोच भाग कोटेशनमध्ये एका शब्दात उरकलेला असतो: 'पुट्टी-प्रायमरसह' (पुट्टी म्हणजे भिंत सपाट करणारा लेप, प्रायमर म्हणजे रंगाआधीचा हात). म्हणून पुणे-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मिळणाऱ्या तिन्ही प्रकारच्या सेवा इथे भिंतीच्या तयारीच्या बाजूने तपासल्या आहेत. पहिली रंग कंपन्यांची स्वतःची सेवा (एशियन पेंट्सची सेफ पेंटिंग, बर्जरची एक्सप्रेस पेंटिंग अशा), दुसरा आपल्या भागातला ठेकेदार आणि तिसरा माल आपण आणून द्यायचा, फक्त मजुरीवर काम करणारा पेंटर.

पाहणीला आलेला माणूस काय करतो ते बघा

दर सांगण्याआधी तो भिंतीला हात लावतो का, ही पहिली परीक्षा. जाणता पेंटर तळहात भिंतीवर दाबून फिरवतो आणि उलटा करून बघतो. पांढरी भुकटी लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे आणि तो सुटायला लागला आहे. अशा भिंतीवर थेट रंग मारला की नवा रंग भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पोपडे निघतात. मग तो बोटाच्या पेराने ठोकत जातो. गिलावा सुटला असेल तिथे पोकळ आवाज येतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर आणि स्लॅब-बीमच्या सांध्यापाशी तो जरा जास्त वेळ थांबतो.

जुना रंग घट्ट आहे का, हे तपासायची एक साधी रीत आहे. भिंतीवर ब्लेडने फुलीसारखे दोन काप द्यायचे, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि एका झटक्यात ओढायची. पट्टीसोबत रंगाचे तुकडे आले तर तो भाग मुळापर्यंत खरवडल्याशिवाय पर्याय नाही. काही आलं नाही तर पूर्ण भिंतीला नव्याने पुट्टी भरायची गरजही नसते. फक्त पॉलिश पेपर मारून, भोकं-भेगा भरून काम भागतं. ही दोन मिनिटांची चाचणी घरमालकाने स्वतः चार भिंतींवर करून ठेवावी. कोणी गरजेपेक्षा जास्त काम सांगतंय की कमी, हे तिथेच कळतं.

या बाबतीत कंपनीची सेवा सरस आहे. त्यांचा माणूस ओल मोजायचं यंत्र आणतो, लेझरने मोजमाप घेतो आणि भिंतीनुसार नोंद करतो. चांगला ठेकेदारही हे करतो, पण यंत्राऐवजी हाताने. मजुरीवरच्या पेंटरकडून पाहणीची अपेक्षा ठेवू नये. ते काम त्याच्या मजुरीत धरलेलंच नसतं.

ओल असेल तर पेंटर नंतर

रंगकामातल्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उघडे पडलेत, वरच्या मजल्याची ड्रेनेज लाइन झिरपते किंवा पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला भेगा आहेत, तर आतून कितीही महागडा रंग मारला तरी पाणी त्याला ढकलून बाहेर येणारच. भिंतीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि पांढरा लोणा मागे राहतो. लोण्यावर पुट्टी मारणं म्हणजे मिठावर गिलावा करणं. तो कोरड्या ब्रशने घासून काढायचा. पाण्याने धुतला तर तो परत विरघळून भिंतीत शिरतो.

ओल चालू आहे की जुना डाग आहे हे कळत नसेल तर साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने सीलबंद करून भिंतीला लावावा आणि रात्रभर ठेवावा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर तो खोलीच्या हवेतला दमटपणा.

'आतून वॉटरप्रूफ केमिकलचा एक हात मारतो, काही होणार नाही' असं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावं. आतल्या लेपाने पाणी थांबत नाही, वाट बदलतं आणि दोन फूट बाजूला फुगा येतो. आधी उगम बंद करायचा, मग भिंत वाळू द्यायची. पावसाळा संपल्यावर बाहेरच्या भिंतीला नीट वाळायला निदान महिनाभर द्यावा. नव्या गिलाव्यालाही 28 दिवसांचं क्युरिंग आणि त्यानंतर वाळायला वेळ लागतोच. कोकणात गणपतीच्या आधी घर रंगवायची पद्धत आहे. तिथे भर आषाढात काम करावं लागतं, म्हणून बाहेरच्या भिंतींना हात न लावता फक्त आतल्या आणि कोरड्या भिंती घेणं शहाणपणाचं. ओल्या भिंती फेब्रुवारी ते मेमध्ये स्वतंत्र कराव्यात.

कंपनीच्या हमीपत्रातही हाच मुद्दा बारीक अक्षरात असतो. ओलीमुळे, गळतीमुळे किंवा बांधकामातल्या भेगांमुळे रंग गेला तर हमी लागू होत नाही. हमी खोटी असते असं नाही. पण ज्या कारणाने रंग जाण्याची सर्वात जास्त शक्यता आहे, तेच कारण तिच्यातून वगळलेलं असतं, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावं.

मोजमाप आणि मालाचा हिशोब

'कार्पेटच्या साडेतीनपट' हा छतासह रंगवायच्या क्षेत्राचा ढोबळ अंदाज आहे. अंदाज म्हणून ठीक, बिल म्हणून नाही. बिल खोलीनुसार मोजून घ्यावं. 10 बाय 12 ची, साडेनऊ फूट उंचीची खोली घेतली तर चारही भिंतींचा घेर 44 फूट, म्हणजे भिंती 418 चौरस फूट. 3 बाय 7 चा दरवाजा आणि 5 बाय 4 ची खिडकी वजा केली की 377 उरतात. छताचे 120 मिळवले की 497 होतात.

दरवाजे-खिडक्या वजा करायच्या की नाही, यावर काम संपताना वाद होतात. आयएस 1200 या मोजमापाच्या मानकात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांपर्यंतची मोकळी जागा वजा करत नाहीत. त्याहून मोठ्या जागांसाठी वजावट असते. काही ठेकेदार 'फुल मेजरमेंट' धरतात आणि त्या बदल्यात दर थोडा कमी लावतात. दोन्ही रीती चालतात, फक्त कुठली धरली ते आधी लिहून घ्यायचं.

आता माल. समजा 650 फूट कार्पेटचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, भिंती 1,600 आणि छत 600 चौरस फूट. चांगल्या इमल्शनच्या दोन हातांसाठी प्रत्यक्षात लिटरमागे 60 ते 65 चौरस फूट धरावेत. भिंतींना 25 ते 27 लिटर आणि छताला 10 लिटर लागतील. वॉटर बेस प्रायमरचा एक हात लिटरमागे 100 ते 110 फूट, म्हणजे 20 ते 22 लिटर. व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचे दोन पूर्ण हात घ्यायचे असतील तर 40 किलोची पिशवी 400 ते 450 फुटांना पुरते, म्हणजे पाच-सहा पिशव्या. जुना रंग घट्ट असेल आणि फक्त ठिगळं भरायची असतील तर एका पिशवीत काम होतं.

हे आकडे कागदावर घेऊन कोटेशन वाचा. 'दोन हात पुट्टी, दोन हात लक्झरी इमल्शन' लिहिलंय आणि मालात दोन पिशव्या पुट्टी आणि 20 लिटर रंग धरलाय, तर दोन हात होणारच नाहीत. उलट भिंतींना 40 लिटर मागितले तर कारण विचारा. लाल, गर्द निळा किंवा पिवळा असा झाकायला अवघड रंग असेल तर तिसरा हात लागू शकतो, ते कारण खरं आहे. गडद छटांच्या बेसचे डबेही पूर्ण भरलेले नसतात, रंगद्रव्यासाठी जागा ठेवलेली असते, हेही हिशोबात धरावं.

नावात फसगत होते ती इथे. कोटेशनवर नुसतं 'ट्रॅक्टर' लिहिलेलं असतं. त्या नावाने एशियन पेंट्सचा डिस्टेंपरही मिळतो आणि इमल्शनही, आणि दोन्हींच्या किमतीत आणि धुण्याच्या क्षमतेत बराच फरक आहे. 'रॉयल' या नावाखालीही एकाहून जास्त प्रकार आहेत. डब्यावर छापलेलं पूर्ण नाव, फिनिश (बिनचमकीचा मॅट, की चमक असलेला सॅटिन किंवा शीन) आणि हातांची संख्या, एवढं तरी लिहून घेतल्याशिवाय दराची तुलना करता येत नाही. दोन ठेकेदारांच्या दरातला चार रुपयांचा फरक बहुतेक वेळा याच ओळीत लपलेला असतो.

पाणी किती घातलं

पूर्ण कामातली सर्वात कमी तपासली जाणारी आणि सर्वात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे रंगात घातलेलं पाणी. प्रत्येक डब्यामागे पाण्याचं प्रमाण छापलेलं असतं. ते रंगानुसार वेगळं असतं, पण बहुतेक इमल्शनना ते रंगाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. 40 टक्के लिहिलं असेल तर 10 लिटर रंगात 4 लिटर पाणी. पेंटर पाणी मोजत नाही, मगाने ओततो. म्हणून त्याचा मग किती लिटरचा आहे ते बघा आणि किती मग पडले ते मोजा. दीड लिटरच्या मगाने 10 लिटरच्या बादलीत सात मग पडले तर पाणी रंगाएवढं झालं. तो रंग रोलरवर हलका जातो, काम भरभर होतं आणि ओला असताना झाकलेलाही दिसतो. वाळला की खालची पुट्टी डोकावते. वर्षभरात ओल्या फडक्याने पुसलं की रंग फडक्यावर येतो, कारण धरून ठेवणारा बाइंडर पातळ झालेला असतो.

पुट्टीचंही तसंच. पिशवीवर सांगितलेलं पाणी साधारण 36 ते 38 टक्के असतं, म्हणजे किलोला 360 ते 380 मिली. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत वापरून संपवायची. दुपारच्या जेवणानंतर घट्ट झालेली पुट्टी पाणी घालून पुन्हा सैल केली, तर तिची पकड गेली. दोन्ही हात मिळून थर दीड मिलिमीटरच्या आसपास राहावा. खड्डा मोठा असेल तर तो आधी सिमेंट-वाळूने किंवा भरणीच्या मालाने भरायचा. एकाच जाड हातात पुट्टी भरली की वाळताना केसासारख्या भेगा पडतात आणि रंगातून त्या जाळ्यासारख्या दिसतात.

भेगांबद्दल आणखी एक. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची आडवी भेग ही पुट्टीने बुजत नाही. काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळं फुगतात-आकसतात, म्हणून ती दरवर्षी परत येते. ती पत्र्याने (पुट्टी ओढायच्या पातीने) व्हीच्या आकारात उघडून, धूळ झाडून, लवचीक क्रॅक फिलर भरून त्यावर फायबरची जाळीपट्टी लावायची. हे काम कोटेशनमध्ये धावत्या फुटाने वेगळं लिहिलेलं असेल, तर समोरच्या माणसाला काम कळतं असं समजायला हरकत नाही.

घासणं आणि विजेरीची तपासणी

पुट्टी वाळायला एक पूर्ण रात्र द्यावी, मगच घासावी. आधी 120 किंवा 180 नंबरचा कागद, शेवटी 220 किंवा 320. घासून झाल्यावर प्रायमर मारण्यापूर्वी संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करावेत आणि विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, प्रकाश भिंतीला समांतर जाईल असा धरावा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर पत्र्याच्या रेघा, उंचवटे, कागदाच्या गोल घासण्या, सगळं सावलीसारखं उमटतं. पेन्सिलीने गोल करून ठेवायचं आणि सकाळी तेवढंच दुरुस्त करून घ्यायचं. प्रायमरनंतर हीच तपासणी पुन्हा. ही वेळ चुकली की नंतर दुरुस्ती म्हणजे ठिगळ, आणि ठिगळ चमकदार फिनिशवर लपत नाही.

यावरूनच फिनिश ठरवावं. भिंत जुनी आणि ओबडधोबड असेल तर मॅट घ्यावा, तो दोष गिळतो. शीन किंवा सॅटिन पुसायला सोपा, पण खालचा प्रत्येक उंचवटा उजेडात आणतो. विक्रेता महाग म्हणून शीन सुचवतो. पुट्टीचे दोन पूर्ण हात आणि नीट घासकाम झालं नसेल तर त्या पैशांनी भिंत आणखी वाईट दिसते.

पुट्टीनंतर प्रायमर गाळणं, ही पैसे वाचवण्याची नेहमीची वाट. जिथे ताजी पुट्टी भरली तिथली भिंत रंग जास्त शोषते आणि वाळल्यावर तेवढेच चट्टे फिके दिसतात. जुन्या रंगावर नुसती ठिगळं भरली असली तरी त्या ठिगळांना प्रायमरचा हात हवाच, आणि तो हात डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ, सहा ते आठ तास, वाळायला हवा. पावसाळ्यात हे तास सरळ दुप्पट धरावेत.

घासकामात कंपनीची सेवा आणि बाकीचे यांत मोठा फरक आहे. कंपनीच्या पथकाने धूळ ओढून घेणारी घासण्याची यंत्रं वापरली तर राहत्या घरात हा मुद्दा निर्णायक ठरतो. दम्याचा त्रास असणारं, लहान बाळ किंवा वयस्कर कोणी घरात असेल तर जास्तच. हाताच्या घासकामात पुट्टीची भुकटी कपाटाच्या आतल्या कपड्यांपर्यंत जाते. ठेकेदाराकडे यंत्र असेल तर तेच करारात घ्यावं, नसेल तर एक खोली पूर्ण रिकामी करून, दाराला प्लास्टिक लावून, मगच पुढची खोली घ्यायला सांगावं.

जुने दरवाजे, ग्रील आणि शिसं

ऑइलपेंटची कामं ठेकेदाराचीच. कंपनीची पथकं सागवानी चौकटी, जुनी लाकडी तावदानं आणि गंजलेल्या ग्रीलमध्ये फारसा रस घेत नाहीत, घेतलं तर दर चढा असतो. ग्रीलवरचा गंज वायर ब्रशने आणि कागदाने धातू चमकेपर्यंत काढायचा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर मारायचा. रात्रभर उघडा ठेवला तर दमट हवेत पुन्हा गंज धरतो. पांढरा तेलरंग अंधाऱ्या जागेत, म्हणजे कपाटाच्या आत किंवा दाराच्या मागच्या बाजूला, पिवळा पडतो. तिथे वॉटर बेस एनॅमल घ्यावा.

घरातल्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर असू नये, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या चौकटींवरच्या तेलरंगात शिसं असू शकतं, आणि तो कोरडा घासला तर धूळ लहान मुलांच्या तोंडात जाते. जुनं लाकूड वॉटर पेपरने ओलं करून घासायला लावावं, पडलेले पापुद्रे कागदात गोळा करावेत आणि मुलांना दोन दिवस दुसरीकडे ठेवावं. या मुद्द्यावर ठेकेदाराने कुरकुर केली तरी ऐकू नये.

तिघांपैकी कोण

कंपनीची सेवा घेताना एक गोष्ट माहीत असावी: तुमच्या घरी येणारे कारागीर बहुधा कंपनीचे पगारी नोकर नसून तिच्याशी जोडलेल्या डीलरचे किंवा ठेकेदाराचे असतात. पद्धत, कागदपत्रं आणि माल कंपनीचा, हात त्या टोळीचा. त्यामुळे एका शहरात अप्रतिम काम आणि त्याच नावाखाली दुसऱ्या उपनगरात सुमार काम, दोन्ही होऊ शकतं. सुपरवायझर एकाच वेळी किती साइट बघतो आणि दिवसातून किती वेळा येईल, हे विचारून घ्यावं. दर ठेकेदारापेक्षा वरचा असतो आणि माल फक्त त्याच कंपनीचा. त्या बदल्यात फर्निचर नीट झाकलं जातं, काम संपल्यावर झाडलोट होते, पैसे खोलीनुसार लिहिलेले असतात आणि तक्रारीला एक नंबर असतो. सामान भरलेलं राहतं घर, दोघेही नोकरीवर, किंवा मुलं परदेशात आणि घरी फक्त आईवडील, अशा ठिकाणी ते जास्तीचे पैसे योग्य जागी जातात.

स्थानिक ठेकेदार हा, रोज सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारता येत असेल तर, सर्वात चांगला पर्याय. जुनं घर, लाकूडकाम, गिलाव्याची डागडुजी, जुळवून घेतलेली छटा, हे त्याला येतं, आणि पडदे लावताना भिंत खरचटली तर एका फोनवर माणूस येतो. दोष दोन. तोंडी व्यवहार, आणि दसरा-दिवाळीच्या गर्दीत तुमच्या घरातली माणसं काढून दुसऱ्या साइटवर पाठवणं. होळी आणि छठपूजेच्या सुमारास उत्तरेकडचे कारागीर गावी जातात, काम अर्ध्यात राहतं. करारात रोज किती माणसं असतील ते लिहून घेतलं की यावर बऱ्यापैकी आळा बसतो. तीन माणसं सलग असतील तर 650 फुटांच्या रिकाम्या फ्लॅटला नुसत्या पुनर्रंगाला पाच-सहा दिवस आणि पूर्ण पुट्टीसह दहा-बारा दिवस लागतात. 'तीन दिवसांत पूर्ण पुट्टीसकट' म्हणणारा वाळण्याचे तास गाळणार, एवढाच त्याचा अर्थ.

ठेकेदाराचं नुकतंच झालेलं काम बघायला जाऊ नये. नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. दोन पावसाळे झालेलं घर दाखवायला सांगावं. तिथे खिडकीचे खालचे कोपरे, स्विचबोर्डाच्या कडा आणि बाथरूमची मागची भिंत बघावी.

मजुरीवरचा पेंटर एका खोलीसाठी, भाडेकरू बदलताना पटकन हात मारायला किंवा ग्रीलसाठी ठीक. पूर्ण घर त्याच्यावर टाकू नये, कारण काही बिघडलं की तो म्हणतो माल खराब आणि दुकानदार म्हणतो काम खराब. माल आपण आणला तर एक फायदा मात्र नक्की होतो: रंगाची निवड आपल्या हातात राहते. रंगाच्या बादल्यांसोबत पेंटरसाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो, त्याचे पैसे किंवा पॉइंट त्याला मिळतात. एखाद्या विशिष्ट मालाचा आग्रह कधीकधी तिथून येतो. ते टोकन त्याचं त्याला द्यावं, ती त्याची रीतसर कमाई आहे. पण कुठला रंग हे आपण ठरवावं आणि बादलीचं सील आपल्यासमोर फोडायला सांगावं.

पैसे आणि शेवटचा हप्ता

आगाऊ रक्कम मालाच्या पहिल्या खेपेपुरती, फार तर 20 टक्के. पुढचा हप्ता घासकाम आणि प्रायमर विजेरीने तपासून झाल्यावर, त्यापुढचा रंगाचा पहिला हात झाल्यावर. दहा-पंधरा टक्के शेवटी राखून ठेवावेत आणि ते काम संपल्याच्या दिवशी न देता आठ-दहा दिवसांनी, टचिंग झाल्यावर द्यावेत. पुट्टी नीट वाळली नसेल किंवा भिंतीत ओल राहिली असेल तर फुगे-चट्टे पुष्कळदा एवढ्या दिवसांत दिसायला लागतात. बिलावर 18 टक्के जीएसटी येणार असेल तर तो दरात धरलाय की वेगळा, हे कोटेशनच्या दिवशीच विचारावं. सामान हलवणं, लाद्या झाकणं, माळ्याच्या आतला भाग, पाइपलाइन, राडारोडा खाली नेणं, हे कोणाकडे, याचीही एक ओळ हवी. लाद्यांवर पातळ प्लास्टिक घालतात ते पायाखाली सरकतं आणि फाटतं. जाड ताडपत्री किंवा पुठ्ठा मागावा. विट्रिफाइड टाइल्सच्या सांध्यात वाळलेला इमल्शन निघता निघत नाही.

शेवटचा हात सुतार, इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला यांची कामं संपल्यावरच. एका भिंतीचा रंग एका दमात, कडेपासून कडेपर्यंत मारला जायला हवा. मध्ये जेवणाची सुट्टी झाली तर वाळलेल्या काठावर नवा रंग चढतो आणि तिथे उभा पट्टा राहतो. एकाच छटेचे दोन डबे दोन वेगळ्या दिवशी टिंट केलेले (दुकानात छटा मिसळलेले) असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करूनच वापरावेत.

उरलेला रंग पेंटरसोबत जाऊ देऊ नये. प्रत्येक छटेचा निदान अर्धा लिटर, पाणी न घातलेला, घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावा. बाटलीवर खोली, छटेचा कोड, रंगाचं पूर्ण नाव आणि तारीख लिहावी, आणि टिंटिंगच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवावा. मॅट रंगावर वर्षभरात छोटं टचिंग बेमालूम बसतं. शीन असेल तर ठिगळ उठून दिसतं, म्हणून तिथे ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा मारावी लागते, आणि तेवढ्यासाठी अर्धा लिटर नाही, दोन लिटर राखून ठेवावे लागतात.